नाकासमोर चालणारा ओढा

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या स्क्रीनवरचा ओढा सरळ चालायला लागला. टेकड्यांमधून तो नेहमीसारखा वेडावाकडा, आळोखेपिळोखे देत उतरला होता. शहराच्या दक्षिण टोकाला आल्यावर मात्र एकदम शिस्तीत, फूटपट्टी लावून आखल्यासारखा दीडशे मीटर गेला, आणि पुढे पुन्हा वळणं घ्यायला लागला. माणूस नाकासमोर चालला की लोक त्याचं कौतुक करतात. ओढा नाकासमोर चालला तर समजावं की चूक आपली आहे. सात वर्षं मी हेच काम करते: उपग्रहाने वरून मोजलेल्या जमिनीच्या उंच्या घ्यायच्या, नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायच्या, आणि नदी चढली तर पाणी कुठून शिरेल, कुठे किती साचेल, हे त्याला विचारायचं. सॉफ्टवेअर फुकटचं आहे, कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगभरातले हौशी आणि तज्ज्ञ मिळून ते लिहितात आणि मोडलं की दुरुस्तही करतात. त्यामुळे चूक झाली तर ओरडायला समोर माणूस नसतो. वरचं धरण भरलं होतं. उद्या सकाळी आठला दरवाजे उघडणार होते, आणि कुठल्या गल्ल्या रिकाम्या करायच्या त्याची यादी आज चारच्या आत आमच्या खोलीतून नियंत्रण कक्षाकडे जायची होती. नियम साधा होता. गुडघ्याच्या वर पाणी दिसलं तर गल्ली यादीत. घोट्याइतकं असेल तर लोकांनी घरातच राहायचं, दारं लावून घ्यायची. सरळ ओढा ज्या गल्लीवरून जात होता तिथे घोट्याइतकं पाणी दिसत होतं. मी उंचीच्या थराखाली उपग्रहाचा फोटो सरकवला, मोठा केला, अजून मोठा केला, आणि एका गच्चीवरची निळी ताडपत्री ओळखली. ती मीच नेऊन दिली होती, मागच्या वर्षी. ओढा माझ्या बाबांच्या दारावरून सरळ चालला होता.

पहिल्यांदा मनात आलं ते असं की बाबांना हे दाखवलं तर ते म्हणतील, बघ, तुमच्या मशीनलासुद्धा माझ्या हातची गल्ली सरळ दिसते. बाबा गवंडी. त्या गल्लीतल्या पंचवीस घरांपैकी बावीस त्यांनी बांधली, आणि गल्लीची लादीही त्यांच्याच हाताखाली बसली. दुसऱ्यांदा मनात आलं ते जरा वेगळं होतं, ते मी बाजूला सारलं आणि कामाला लागले. आमच्या कामात चूक शोधायची एक ठरलेली वाट असते, स्वयंपाकघरात गॅस पेटला नाही तर आधी नळी, मग सिलिंडर, मग बर्नर बघतात तशी. आधी पाहिलं, फोटो आणि उंच्या एकाच मोजणीपद्धतीत आहेत की नाहीत. दोन्हींच्या पद्धती वेगळ्या असल्या तर सगळं शंभर-दोनशे मीटर घसरतं आणि नदी लोकांच्या दिवाणखान्यातून वाहते. नव्हतं घसरलं, चौकातले रस्ते रस्त्यांवर नीट बसत होते. मग वाटलं, उंच्यांची फाइल अर्धवट उतरली असेल. पुन्हा उतरवली. पाऊण तास गेला. ओढा सरळच. मग कालच सॉफ्टवेअर अद्ययावत केलं होतं ते आठवलं आणि जरा बरं वाटलं, दोष द्यायला काहीतरी मिळालं म्हणून. जुनी आवृत्ती लावली. ओढा सरळच. शेजारच्या टेबलावरचा पेन्सिल (तो इतका किडकिडीत आहे की पहिल्याच दिवशी त्याचं हे नाव पडलं, आणि आता त्याचं खरं नाव पगाराच्या कागदावरच राहिलंय) खुर्ची सरकवत आला, वाकला आणि म्हणाला, "बंद करून परत चालू कर ना."

"केलं."

"मग चहा पी. चहा प्यायल्यावर आपोआप वाकडा होईल."

"पेन्सिल, पाणी सरळ जातं का रे कधी?"

"सपाट जमिनीवर जाईल की. परातीत सोडलं तर जातंच." तो परत आपल्या जागी गेला. तो सहज बोलला होता, पण माझं लक्ष त्या परातीतच अडकलं. ती गल्ली परातीसारखी सपाट आहे का? मी तिथे जन्मापासून बावीस वर्षं राहिले, म्हणजे मला माहीत असायला हवं. डोळे मिटले तर मला गल्ली दिसते: कोपऱ्यावरचं सायकलचं दुकान, मग वळण, मग दोन्ही बाजूंना घरं, आणि जवळजवळ शेवटाला आमचं. पण चढ की उतार? पायांना विचारलं तर पाय गप्प. एक गोष्ट आठवली. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे चेंडू शेवटी आमच्याच दाराशी यायचे. कुणीही कुठूनही मारो, चेंडू रमतगमत, भिंतींना शिवत, आमच्या पायरीला येऊन टेकायचा. बाबा हसायचे, "आपल्या दाराला बरकत आहे, चेंडूसुद्धा पाहुणा येतो." मी ते इतकी वर्षं खरं मानलं होतं.

साडेअकराच्या सुमाराला मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतीच्या पानावर प्रश्न टाकला. तिथे कोण कुठला असतो कळत नाही. एकाचं नाव नुसतं घुबड आहे. सात वर्षांत त्याने मला निदान तीस वेळा वाचवलं असेल, आणि तो बाई आहे की बुवा, म्हातारा की कॉलेजातला, मला ठाऊक नाही. मी चित्र जोडलं आणि लिहिलं, ओढा सरळ का जातोय? दहा मिनिटांत घुबडाचं उत्तर आलं. त्याने विचारलं होतं, "आधी खड्डे बुजवलेत का?" मी लिहिलं, "हो, नेहमीप्रमाणे." हे सांगायला हवं. वरून मोजलेल्या उंच्यांमध्ये बारीकसारीक खोटे खड्डे असतात, ढगाने, सावलीने, मोजणीच्या घाईने पडलेले. सॉफ्टवेअरमधलं आभासी पाणी त्या खड्ड्यांत पडून अडकतं, पुढे सरकतच नाही, म्हणून आम्ही सुरुवातीलाच एक बटण दाबतो आणि सॉफ्टवेअर सगळे खड्डे काठापर्यंत भरून टाकतं. दात घासल्याशिवाय चहा नाही, तसं खड्डे बुजवल्याशिवाय नकाशा नाही. मला ज्याने शिकवलं त्याने तसं शिकवलं, मी पेन्सिलला तसंच शिकवलं. घुबडाने लिहिलं, "बुजवलेला भाग सपाट होतो, आणि सपाटावर सॉफ्टवेअर ओढा सरळच काढतं. भरलेल्या उंच्यांतून मूळ उंच्या वजा करा. कुठे किती भर घातली ते दिसेल. तुमच्या त्या जागी खोलगट भाग होता."

वजाबाकी करायला चार मिनिटं लागली. पांढऱ्या नकाशावर शहरभर काळे ठिपके उठले, गोवर आल्यासारखे. आणि दक्षिण टोकाला, निळ्या ताडपत्रीच्या आजूबाजूला, काळे चौकोन होते. मोजले. पाच. मधल्या चौकोनावर बोट ठेवलं तर आकडा आला, एक मीटर वीस. मी कितीदा तरी लोकांना सांगितलं असेल की अशा पाच चौकोनांना काडीची किंमत नसते. एक चौकोन म्हणजे तीस मीटर बाय तीस मीटर, त्याच्या उंचीत दोन मीटरची चूक धरूनच चालायची, मग सव्वा मीटरच्या खड्ड्याला खड्डा कोण म्हणेल? एखाद्या झाडाची फांदीसुद्धा तेवढी चूक करते. मी स्वतःला तेच सांगितलं, आणि सांगताना मघाशी बाजूला सारलेली गोष्ट पुन्हा समोर येऊन उभी राहिली, उधारी मागायला आलेल्या माणसासारखी, हलेचना.

मी नऊ वर्षांची होते. मला आईने माळ्यावर ठेवलं होतं, गाद्यांच्या वळकट्यांच्या मध्ये, आणि माळ्याच्या कडेवरून वाकून बघितलं तर खाली पाणी होतं. चहाच्या रंगाचं. त्यात बाबांची एक चप्पल आणि लाकडी पाट तरंगत होता आणि पाट हळूहळू स्वतःभोवती फिरत होता. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि पाणी तिच्या... इथे चित्र हलतं. कधी ते तिच्या कमरेला असतं, कधी गळ्याला, कधी आई नसतेच आणि पाटच नुसता फिरत असतो. मला एकशेचार ताप होता. हे मला नंतर सांगितलं गेलं, आणि इतक्या वेळा सांगितलं गेलं की तापाची आठवण पाण्याच्या आठवणीपेक्षा पक्की झाली. बाबा म्हणायचे, गल्लीत पाण्याचा मोठा नळ फुटला होता, दोन बादल्या पाणी आत आलं असेल नसेल, बाकी सगळं हिच्या तापाने पाहिलं. शाळेत मी एकदा पुराचा निबंध लिहिला तर बाबांनी बाईंना भेटून हसत सांगितलं की आमच्या मुलीला कल्पनाशक्ती भारी. आईला विचारलं तर ती म्हणायची, "बाबांना विचार." हो नाही की नाही नाही. आईच्या स्वयंपाकघरात सगळ्यात खालची फळी कायम रिकामी असायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी ती रिकामी ठेवतात. लग्नानंतर मीही तशीच ठेवली. नवऱ्याने विचारलं, "ही फळी काय उपाशी ठेवलीय?" मी ती पुसून तशीच ठेवली. चार वर्षांपूर्वी आई गेली, आणि त्या दिवशी घरात असलेल्या तीन माणसांपैकी आता दोन उरली. त्यातल्या एकाला ताप होता.

मला कधीकधी वाटतं, मी ह्या कामात आले ते त्या माळ्यामुळेच. इथे काही आठवावं लागत नाही. उंची विचारा, आकडा येतो. आकड्याला ताप येत नाही. आता आकडा माझ्या तापाच्या बाजूने बोलत होता आणि मला आनंद व्हायला हवा होता, पण मी गोंधळून गेले होते. खड्डा खरा म्हणून मला दिसतोय, की मला हवा म्हणून मी तो खरा मानतेय? शहरभर हजारो ठिपके होते, त्यातल्या एकाकडेही मी बघितलं नव्हतं, नेमक्या बाबांच्या दारातल्या पाचांवर बोट ठेवून बसले होते. मी दादाला फोन लावला. दादा त्या पाण्याच्या दिवशी मावशीकडे होता, परीक्षेसाठी, म्हणजे त्याची साक्ष ऐकीव. पण तो मोठा आहे, आणि मोठ्या भावाच्या आवाजात एक खात्री असते, ती खोटी असली तरी उबदार लागते.

"दादा, गल्ली खोलगट आहे का रे?"

"कुठली? आपली? काय झालं, बाबा पडले का?"

"नाही रे. नुसतं विचारतेय. रस्त्यापेक्षा खाली आहे का?"

"तू परत ते पाण्याचं काढलंस का, वेडाबाई?" तो हसला. "अगं, तू त्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाशी बोलत होतीस. आईनेच सांगितलं मला. घड्याळाला म्हणे तू काका म्हणत होतीस."

"आईने पाण्याचं काय सांगितलं?"

"पाण्याचं... पाण्याचं असं काही नाही बोलली ती. घड्याळाचंच सांगितलं." मग म्हणाला, "उद्या ते धरणाचं आहे ना? बाबांना घेऊन ये तुझ्याकडे दोन दिवस. यायचे नाहीत ते, पण विचार तरी."

बाबांना घेऊन येणं हा मार्ग होताच. मुलगी म्हणून तो पुरला असता. पण गल्लीत पंचवीस घरं होती, आणि माझ्या नकाशावर त्या पंचवीस घरांना सांगितलं होतं, घरातच राहा, दारं लावून घ्या. खड्डा खरा असेल तर घोट्याइतक्या पाण्याखाली अजून सव्वा मीटर पाणी होतं, आणि ते लोक दारं लावून त्याची वाट बघणार होते. खोटा असेल तर मी बापाच्या काळजीपोटी शंभर माणसांना पोराबाळांसकट, म्हाताऱ्यांसकट उठवून शाळेच्या हॉलमध्ये बसवणार होते. मी उठून आमच्या विभागप्रमुख बाईंकडे गेले. बाई चांगल्या आहेत, पण सकाळपासून त्यांचे दोन्ही फोन वाजत होते आणि डोळे लाल झाले होते. त्यांनी पाच चौकोन पाहिले, चष्मा काढला.

"पाच चौकोनांसाठी गल्ली उठवायची? असे शहरात किती आहेत?"

"खूप. सगळे खरे नसतील."

"हा खरा कशावरून?"

माळ्यावरून पाहिलं होतं, असं कसं सांगणार? मी म्हटलं, "बाई, माझे बाबा तिथे राहतात."

"अगं मग तर अजिबातच नको. उद्या उठून लोक म्हणतील..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि घड्याळाकडे बघितलं. "जमिनीवर जाऊन मोजून आण. तीनपर्यंत आकडा दे, घालते मी यादीत. आकड्याशिवाय नाही." त्यांचं बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं, कदाचित ते पाच चौकोनही न बघता.

बसमधून जाताना मी खिडकीबाहेर सारखी जमिनीकडे बघत होते. सात वर्षांत मी ह्या शहराच्या उंच्या तोंडपाठ केल्या होत्या आणि बसला कुठे चढ लागतो हे मला सांगता आलं नसतं. ड्रायव्हरने गिअर बदलला की कळायचं, अच्छा, इथे चढ आहे. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, मी तर उपग्रहावरून हाकत होते. कोपऱ्यावर उतरले. सायकलच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून डोळे बारीक केले, मान वाकडी केली, एका गच्चीपासून दुसऱ्या गच्चीपर्यंत नजर लावली, पण सगळी जोती वेगवेगळ्या उंचीची, लादी जागोजाग फुगलेली, आणि पुढे वळण. काही कळेना. चालत गेले. पाय पुढे पडत होते ते उतारामुळे की घराच्या ओढीने, तेही कळेना.

बाबा जेवून उठत होते. एकोणऐंशी वर्षांचे आहेत, पण पाठ ओळंब्यात आहे अजून. मला बघून त्यांना आनंद झाला आणि तो लपवायला ते म्हणाले, "आज कामावरून हाकलली वाटतं?" मी धरणाचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुसले. "येऊ दे पाणी. आपल्याकडे नाही यायचं. धरण झाल्यापासून आलंय का कधी?"

"आणि त्याआधी?"

"त्याआधीपण नाही." हे ते फार पटकन बोलले. मग जरा सावकाश, "कुणी सांगितलं तुला?"

"उपग्रहाने."

"वरून बघणाऱ्याने मला जमीन शिकवू नये," बाबा म्हणाले. "मी तिच्यावर चाळीस वर्षं उकिडवा बसलोय." एरवी मी हसले असते. पण मला त्यांचा राग आला, एकदम, नऊ वर्षांच्या मुलीला येतो तसा. त्यांना खरं माहीत होतं आणि ते मला वेडी ठरवत होते, असं वाटलं. आणि लगेच वाटलं, नसेलही, त्यांनाही खरंच तसंच आठवत असेल, एकोणतीस वर्षं एकच गोष्ट सांगितली की सांगणाराही त्यात राहायला जातो. वाद घालायला वेळ नव्हता, आणि वादाने उंची कळत नाही.

"बाबा, तुमची नळी आहे का?"

नळी म्हणजे लेव्हलची नळी. गवंड्याकडे असते ती, पारदर्शक, बोटभर जाडीची. तिच्यात पाणी भरायचं आणि दोन माणसांनी दोन टोकं धरायची. मध्ये भिंत असो, वळण असो, दोन्ही टोकांतलं पाणी एकाच पातळीला येऊन थांबतं. बाबा त्या नळीवर घरं बांधत आले. नाही, फेकली, कुजली, कुणी नेली, असं म्हणणं त्यांना अगदी सोपं होतं, आणि मी त्यावर काही करू शकले नसते. मला वाटलं ते तसंच म्हणणार. त्यांचे ओठ हललेसुद्धा.

"आहे," ते म्हणाले.

पलंगाखालून वेटोळं निघालं. एक नळी कोपऱ्यापर्यंत पुरत नव्हती, म्हणून बाबांनी दोन जोडल्या, जोडाला तार आवळली, त्यांची बोटं तेवढ्यापुरती पन्नाशीची झाली. पाणी भरलं, नळी उचलून टिचक्या मारत आतले बुडबुडे घालवले. बुडबुडा राहिला तर नळी खोटं बोलते, हे मला लहानपणीच शिकवलेलं होतं. "तू इथे दाराशी थांब," ते म्हणाले, "मी रस्त्यावर जातो. टोक अंगठ्याने बंद ठेव, सांगितल्यावर सोड." आणि ते एका हातात पाण्याचा तांब्या घेऊन नळी सोडत सोडत निघाले, वळणाशी गेले, दिसेनासे झाले. लादीवर नुसती नळी उरली, तिच्या पोटात उन्हाचा एक धागा. मी पायरीखाली उभी होते. दुपार होती, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. समोरच्या घरातल्या शिंपीणबाईंचं मशीन टकटकत थांबलं आणि त्यांनी पडद्यातून विचारलं, "काय गं, काय मोजताय?" मी म्हटलं, "काही नाही मावशी, सहज."

वळणापलीकडून बाबांचा आवाज आला. "मी टोक रस्त्याला टेकवलंय. सोड अंगठा."

मी सोडला. टोक मी कमरेजवळ धरलं होतं, आणि पाणी भसकन उसळून माझ्या हातावर, कपड्यांवर, पायांवर पडायला लागलं. मी घाबरून अंगठा पुन्हा दाबला, टोक थोडं वर घेतलं, पुन्हा सोडलं, पुन्हा पाणी. मी काहीच ओरडले नव्हते. मला ते दिसत नव्हते, त्यांना मी दिसत नव्हते. पाणी कमी झालं हे त्यांना त्यांच्या टोकाला कळलं असेल, पण किती उंच धरायचं हे कळायला काही वाट नव्हती.

"वर धर," वळणापलीकडून बाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "अजून वर. छातीशी धर, छातीशी. तिथं थांबेल."

मी छातीशी धरलं, आणि पलीकडे बाबांनी सांडलं तेवढं पाणी तांब्याने आपल्या टोकातून परत भरलं. पाणी नळीत एकदा वर गेलं, एकदा खाली आलं, पुन्हा थोडं वर, आणि थांबलं. माझ्या छातीशी. मी ते बघत उभी राहिले. टेपने मोजायचं होतं, ते सुचेना. ते पाणी रस्त्याच्या पातळीला होतं आणि मी त्याच्या खाली उभी होते, मी आणि दार आणि पायरी आणि समोरची शिलाई मशीन आणि सगळी गल्ली. त्या दिवशी आई कुठे उभी होती आणि पाणी तिच्या कुठवर होतं, हे मला आता विचारायची गरज नव्हती. मला रडू आलं. खरं ठरल्याचं नाही. कशाचं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. मग मी मोजलं. एक मीटर सत्तावीस.

बाबा नळी गुंडाळत वळणावरून आले. हातभर अंतरावर थांबले, माझ्या ओल्या कपड्यांकडे बघितलं. "तीनच घरं होती तेव्हा," ते म्हणाले. "बाकीचे प्लॉट रिकामे होते. पाणी आलं हे कळलं असतं तर कोण आलं असतं इथं बांधायला? दोन वर्षं काम नव्हतं मला. मग धरण झालं. मला वाटलं, आता खोटं बोललो तरी खोटं राहिलं नाही." त्यांनी वेटोळं खांद्यावर अडकवलं. "तुला तापच होता म्हटलं की सगळं बसायचं. तुझी आई मात्र माझ्याशी तीन महिने बोलली नाही." एवढं बोलून ते थांबलेच नाहीत. मला ओलांडून समोर गेले आणि शिंपीणबाईंच्या दारावर थाप मारली. पडदा सरला.

"ताई," बाबा म्हणाले, "घर बांधताना तुमच्या मालकांना मी सांगितलं होतं, इथं पाणी येत नाही. ते खोटं होतं. उद्या येईल. छातीच्या वर. सामान बांधा." त्या काही बोलायच्या आत ते पुढच्या दाराकडे वळले होते. आत कुणीतरी "काय म्हणतायत हे?" असं विचारत होतं आणि बाबा तिसऱ्या दाराशी तेच वाक्य पुन्हा म्हणत होते, पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता.

मी बाईंना फोन लावला. पावणेतीन झाले होते. आकडा सांगितला, कसा मोजला ते सांगितलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारला, लिहून घेतला. "ठीक आहे. घालते यादीत. बरं झालं गेलीस ते." मागे त्यांचा दुसरा फोन वाजत होता. "तेवढी एकच गल्ली ना?"

एकच म्हटलं असतं तर संपलं असतं. त्यांनाही तेच हवं होतं, मलाही. पांढऱ्या नकाशावरचे ते सगळे ठिपके मला आठवले, त्यातले किती झाडांचे, किती ढगांचे, आणि किती कुणाच्या दारातले, हे मला माहीत नव्हतं, कधीच माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना सात वर्षं मी ते एका बटणाने भरत आले होते. बाबा सहाव्या दाराशी पोचले होते.

"नाही बाई," मी म्हटलं. "सगळ्या. मी आजवर दिलेल्या सगळ्या नकाशांत खड्डे बुजवलेत." त्यांनी काही म्हणायच्या आधी मी पुढचंही बोलून टाकलं. "आणि खरे खड्डे कुठले, ते मला माहीत नाही."